निरंक

मार्च संपत आला की कार्यालयातून फोन येतो,
मॅडम, तेवढा समानतेचा तक्ता पाठवून द्या.
मी पाठवते. सात वर्षं पाठवतेय.
भेदभावाच्या तक्रारी: निरंक.
फार सोयीचा शब्द.
शून्य लिहिलं तर कुणीतरी मोजलंय असं वाटतं,
निरंकला मोजावंही लागत नाही.

शाळा मखमलाबादची, मागच्या भिंतीला लागून द्राक्षबाग.
छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून माणसं उतरतात,
त्यांची पोरं आमच्या पटावर चढतात
आणि माल निघाला की गुपचूप खाली येतात.

प्रणिता भोये त्यातलीच. चौथी ब.
डब्यात नागलीची भाकर.
कुणी म्हणालं, काळी कशी, जळली का गं?
वर्ग हसला.
मी ओरडले नाही, मी समजूतदार बाई आहे.
म्हटलं, प्रणिता, तू नळापाशी बस बरं,
तिथं वारा छान लागतो.
वारा खरंच छान लागायचा.
दिवाळीपासून ती तिथंच जेवली.

मयंक खैरनारचं नाव सहलीतून काढलं
तेही किती मायेनं:
पांडवलेण्याला पायऱ्या फार रे बाळा, तुझा पाय दुखेल.
त्यानं विचारलं, मी खालीच बसलो तर?
खालून दिसतं का काही?
पुढच्या वर्षी बघू, म्हटलं.
बघायचं राहिलं.

आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की
भर वर्गात यादी वाचणारा आवाज माझाच.
नाव घेईन त्यानं उभं राहायचं.
काही उभी राहायची. बाकीची वळून बघायची.
जे शिकायचं ते दोन्हीकडची तेवढ्यात शिकून घ्यायची,
मग मी फळा पुसून
तारीख, वार, पटसंख्या लिहायचे
आणि त्याखाली, आपले हक्क.

तक्रारपेटी आहे ना. नियमाप्रमाणे आहे.
दर्शनी भागात, मोठ्या सरांच्या दाराशेजारी,
माझ्या डोळ्यांच्या उंचीवर.
त्या दिवशी मधल्या सुट्टीत प्रणिता तिच्याखाली दिसली,
टाचा उचललेल्या, हात वर,
बोटं फटीच्या वीतभर खाली.
मला बघितलं तसा तिनं हात केसांवरून फिरवला,
जणू वेणीच सारखी करायची होती.
कागद होता की नाही, माहीत नाही.
मूठ होती.

सोमवारपासून तिच्या नावापुढे गैरहजर.
बागेत आता नुसती पानं आहेत.

आज सोनवणे शिपायांकडून पेचकस मागवला.
पेटी किती खाली घेऊ, त्यांनी विचारलं.
मी हात छातीशी धरला, मग कमरेशी,
मग पुन्हा जरा वर.
वीस वर्षं शिकवतेय
आणि मला मुलांची उंची सांगता येईना.

तक्ता समोर उघडा आहे.
रकाना रिकामा ठेवला तर पुढे सरकत नाही,
लाल अक्षरांत म्हणतो, माहिती भरणे अनिवार्य.
मी लिहिलं, एक.
लगेच विचारतो, तक्रारदाराचे नाव.
इथं मी मघापासून अडलेय.
तिचं नाव लिहिलं
तर पुन्हा तिलाच उभं केल्यासारखं होईल.

त्याच्या खालचा रकाना, कोणाविरुद्ध,
तो आधी भरून टाकते.