सावकाश

बेचाळीस वर्षं मी एकच वाक्य विकलं
खानापूरच्या स्टेशन रोडवर:
हनुवटी जरा वर. डोळे उघडे ठेवा.
रेशनकार्डासाठी, बारावीच्या फॉर्मसाठी,
दुबईला निघालेल्या पोरांच्या पासपोर्टसाठी.
गिऱ्हाईक बघून मराठीत, नाहीतर कन्नडात.
पापणी लवली की फिल्म वाया,
आणि मी चिडायचो.

आता माझीच डावी पापणी
दुकानाच्या शटरसारखी अर्ध्यात अडकलीय.
सकाळी जरा वर, दिवेलागणीला आणखी खाली.
दूधवालीला वाटलं मी डोळा मारतोय.
रागावली. मग गळ्यावरची शिवण दिसली तिला,
मापात अर्धा लिटर जास्त पडलं.

गाठ लिंबाएवढी होती.
तिच्या पाठीमागून एक नस जाते, डॉक्टर म्हणाले,
सुतासारखी. गाठ निघाली, सूत दुखावलं.
गळ्यातून डोळ्याला वाट? मी विचारलं.
म्हणाले, डोक्यातून निघते, छातीपर्यंत उतरते,
मग परत वर, डोळ्याकडे.
म्हणजे हलशीची बस नंदगड फिरून जाते तशी, मी म्हटलं.
डॉक्टर धारवाडचे. हसले नाहीत.

त्या रात्री बीपी ऐंशीवर आलं, खाली पन्नास.
छत लांब गेलं, कुणी लेन्स मागे ओढावी तसं.
कडेनं काळं, मधे उजेडाचा एक वाटोळा ठिपका,
कानांत डेव्हलपरच्या ट्रेमधलं पाणी हललं.
ट्रेमध्ये माणूस हळूहळू कागदावर येतो,
हे मी हजार वेळा पाहिलंय.
या वेळी मी कागदातून जात होतो.

कस्तुरी सिस्टरनं पलंगाचा पायथा उचलला,
सलाईन मोकळं सोडलं.
मी तरी उठायला बघत होतो. लघवी, दुसरं काय.
"सावकाश री, सावकाश."
मराठी येतं तुम्हाला?
"इल्लरी. इदु कन्नडा."
नाही हो, मराठीच की आमचं.
"नम्मदरी."
बीपी शंभराला लागेपर्यंत
आम्ही त्या एका शब्दावर भांडत होतो.
निदान मला तसं आठवतं.
भरमाक्का म्हणते, तुम्ही काही बोललाच नाही,
ओठ पांढरे पडले होते नुसते.

मेमध्ये घाम येतो तो उजव्या गालावर.
डावा कोरडा, पावडर लावल्यासारखा.
ती पदर फिरवते एकाच बाजूला,
दुसरीकडे जाता जाता
हात थांबतो तिचा.

परवा डार्करूममध्ये गेलो. तिथं आता कांदे असतात.
दार लोटून घेतलं, फटीतला उजेड तेवढा आरशावर.
उजवी बाहुली अंधारात पसरली, शिकवल्यासारखी.
डावी टाचणीएवढीच, एफ सोळावर अडकलेली.
उजव्या डोळ्याला रात्र झाली होती,
डाव्याला अजून दुपार.
मी बराच वेळ उभा राहिलो,
मग आठवलं की उभं राहायचं नाही फार,
आणि कांद्याच्या पोत्यावर बसलो.

पेन्शनला चेहरा लागतो आता. हयात असल्याचा.
पुतण्या रुद्रानं मोबाइल धरला समोर.
डोळे मिटा, मोबाइल म्हणाला. मिटले.
डोळे उघडा.
उजवा उघडला. डावा निम्मा.
पुन्हा प्रयत्न करा. डोळे उघडे ठेवा.
आवाज बाईचा होता, वाक्य माझं.
"काका, नीट उघड की."
उघडलाय रे, एवढाच आहे तो.

तिसऱ्यांदा चिडून उठायला गेलो एकदम,
भिंतीवरचे सगळे जुने फोटो एका बाजूला कलले,
नवरे, नवऱ्या, बारशाची पोरं,
सगळे डोळे उघडे ठेवून.
खुर्चीचा हात धरला. दहा मोजले.
कुठल्या भाषेत मोजले ते विचारू नका.

भरमाक्कानं ताक आणलं,
मीठ जास्त घातलेलं, सांगितलंय तसं.