क्रमांक एकेचाळीस

ते साल उपासमारीचं नव्हतं.
नाचणीनं कणग्या काठोकाठ होत्या,
तेव्हा कुमीच्या दवाखान्यात लांबून एक डॉक्टर आला.
सोबत पितळी तागडी
आणि मेणकागदाच्या दोनशे पिशव्या.

म्हणाला, इमालिंगात, तुला लिहिता येतं ना?
मग लिही. कोण, किती, किती दिवसांनी.
काय किती, ते आधी सांगितलं नाही.

सांगितलं तेव्हा मी उठलो,
आंब्याखाली जाऊन पोट धरून हसलो.
मग पगार आठवला,
आत आलो.

गावात पोरं मागे लागायची:
आला रे आला, शेणाचा मुनीम!
असेकेन्ये म्हातारीनं पिशवी उलटसुलट पाहिली.
त्यांच्या देशात लोकांना होत नाही वाटतं,
म्हणून इतक्या लांब मागायला आला?
मी डॉक्टरला तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.
तो हसला नाही.
नाही होत, म्हणाला. धड नाही होत.
तिकडे पीठ इतकं दळतात, इतकं चाळतात
की दाण्याला स्वतःचं अंग राहत नाही.
मग माणसं सकाळी बसून राहतात, पेपर घेऊन.
आणि त्यानं कुंथण्याची नक्कल केली,
डोळे मिटून, मुठी आवळून.
म्हातारी अशी हसली
की मांडीवरच्या शेंगा अंगणभर झाल्या.

दुसऱ्या दिवशी पहिली पिशवी तिचीच.
वर केळीच्या सोपटाची गाठ,
आहेर द्यावा तशी.

मी तोललं. लिहिलं.
असेकेन्ये, वय माहीत नाही, चारशे सत्तर ग्रॅम.
खाणं: दगडावर भरडलेली नाचणी, कोंड्यासकट,
चिंचेच्या पाण्यात घोटलेली.
चवळीचा पाला. तिळाचं वाटण.
रताळं, सालीसकट.
औषध: कसलं औषध?

ओकिरोर, पाचशे दहा.
त्याच्या धाकट्या मुलीनं पिशवी दिली आणि
वजन किती भरलं ते बघायला थांबली,
शाळेचा निकाल ऐकायला थांबावं तशी.

आता ते सांगतो, जे वहीत नाही.

पगार मलाच होता फक्त.
म्हणून दुकानातला पांढरा पाव मला,
डब्यातलं गोड दूध मला,
चहात चार चमचे साखर.
चोथा खातात ते अडाणी, असं मला वाटायचं.
आणि गावाचं पोट तोलणारा मी
पहाटे संडासात गवताच्या भिंतीशी
कोंबडा आरवून दमेपर्यंत बसायचो.
डॉक्टरनं जी नक्कल केली
ती माझी होती. त्याला माहीत नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात तो सहज म्हणाला,
इमालिंगात, तुझी पिशवी राहिली.
मी मेहुण्याकडून मागून आणली.
एक कोंबडी दिली त्याबद्दल.
सातशे वीस!
डॉक्टरनं माझी पाठ थोपटली.

आता माझी नात अमुगे सोरोटीला नर्स आहे.
सुट्टीत येते, माझा पाव कोंबड्यांना टाकते.
सांगते, आजोबा, आतड्यात भाडेकरू राहतात,
मोजता येणार नाहीत इतके.
तुम्हाला जे पचत नाही
तेच त्यांचं जेवण.
आणि जे पचत नाही
तेच बाकीच्याला पुढे ढकलतं.
मी म्हटलं, हे वाक्य माणसांबद्दलही खरं आहे.
ती म्हणाली, आधी पाणी प्या.

तर परत नाचणी.
परत चिंच, परत पाला.
पहिले आठ दिवस पोटात नुसती मेघगर्जना.
नवव्या दिवशी
कोंबडा आरवायच्या आत
मी बाहेर.
अंधार होता. दव होतं.
कुणाला सांगावं, कळेना.

त्या डॉक्टरचा पत्ता माझ्याकडे नाही.
पण कुठल्या तरी कपाटात ती वही असेल,
आणि त्या वहीवरून काढलेली सरासरी.
कुणाच्या हाती लागली तर
क्रमांक एकेचाळीस शोधा.
तो खोटा आहे.
वजा करा.