एक उभी रेघ

विरुपाक्षाच्या पहिल्या गाण्याला दोनशे दहा टिकल्या लागल्या.
दुसऱ्याला चारशे.
मला गाणी अशीच आठवतात, मोजून.

आमचं दुकान बेळगावात, खडेबाजारात, शर्ट-पँटचं.
समोर हंचिनमनींचं रेडिओ हाऊस
आणि त्याच्या पायरीवर टेकवलेली पाटी.
दर शनिवारी खडूनं दहा गाणी,
जास्त खपलेलं वर.

पोरं चौघं. दोघं वडगावच्या मागावरची,
कॅम्पातला इनास, त्याची गिटार,
आणि दस्तगीर, जो वरातीत ढोल बडवायचा
आणि मामाला न विचारता तोच ढोल इकडं आणायचा.
कापडाला पैसे नव्हते.
मागाखाली उरलेले जरीचे काठ पोत्यातनं आणले,
म्हणाले, अण्णा, ह्याचे कोट करा.
अण्णा म्हणाले, "ह्या काठात बायका नांदायला जातात रे.
तुम्ही कुठं निघालाय?"
खरं मापं घेतली.

पँटी खाली घंटेसारख्या.
बुटाला चार इंच टाच, चांभारानं देवाचं नाव घेऊन ठोकलेली.
गालावर चंदेरी पूड, माझ्या डबीतली.
विरुपाक्ष आरशात बघून म्हणाला, "बाई दिसालोय काय?"
मी म्हटलं, "न्हाई. मिरवणुकीतला हत्ती."
तो इतका खूश झाला
की टाचेवरनं पडला.

तबकड्या मुंबईहून आल्या, तीनशे नग,
भाताच्या पेंढ्यात गुंडाळून.
एक ओळ कन्नड, एक मराठी,
मध्ये नुसतं हाहाहूं, ते सगळ्यांना पाठ.
पाटीवर आधी सातवं. मग तिसरं.
मग एका शनिवारी सगळ्यात वर,
आणि अकरा शनिवार तिथनं हललं न्हाई.
हिंदी सिनेमा मुकाट खाली बसला.

बाराव्या शनिवारी भांडण:
तो एक कुठल्या लिपीतला?
रात्रीत कुणीतरी पाटीला डांबर फासलं.
दुसऱ्या रात्री दुसऱ्यांनी.
हंचिनमनी काका रॉकेलचं फडकं घेऊन पुसत बसले,
कुणाला शिवी दिली न्हाई.
म्हणजे दिली, दोन्ही भाषेत, हळू.
मग आकडेच काढून टाकले.
पहिल्याला एक उभी रेघ, दुसऱ्याला दोन,
दहाव्याला दहा,
गवळी दाराच्या चौकटीवर ओढतो तशा.
लोक सायकल न थांबवता रेघा मोजून जायचे.

दुसरं गाणं चार रेघांवर अडलं.
चारशे टिकल्या, प्रत्येकीला दोन टाके,
बोटाला अजून घट्टा आहे बघा, इथं.
तिसरं नऊवर आलं, एकच आठवडा.
चौथ्याचा कोट मी अर्धा शिवला
आणि न्यायला कोणी आलं न्हाई.
इनास कुवेतला गेला. ढोल मामानं परत नेला.
विरुपाक्ष अॅल्युमिनियमच्या कारखान्यात लागला,
खाकी पँट आखूड करायला आला.
अंगभर पांढरी भुकटी. चमकत नव्हती.
मी मान खाली घालून माप घेतलं,
तो हाहाहूं करत होता, अगदी बारीक,
त्याला माहीतही नसावं.

त्या तीनशेतली एक आमच्याकडं आहे.
पहिल्याच आठवड्यात अण्णांनी पैसे मोजून घेतलेली,
घरात फोनो नसताना.
मी विचारलं, कशाला?
म्हणाले, "गोल बरोबर आहे."

तेव्हापासनं बाळांच्या टोप्या आम्ही त्यावरच बेततो.
कडेला निळा खडू बसलाय, कागद निघालाय,
नाव वाचता येत न्हाई.
काल हिंडलग्याची एक बाई नातवासाठी घेऊन गेली दोन.
एक जरा सैल झाली.
म्हणाली, असू दे, डोकं वाढतंय की.