मागच्या चाकामागे

रविवारी आम्ही सातजण.
अस्मराच्या ताडांखाली, चर्चची पहिली घंटा व्हायच्या आत.
झेराई आधीच आलेला,
एकेकाच्या टायरवर अंगठा दाबून बघतो
जणू पपई विकत घेतोय.
तो पूर्वी बसचा कंडक्टर होता. अजूनही निघताना
डबल बेल देतो.

सगळ्यांत पुढे लूल. इस्पितळातली रात्रपाळी उरकून आलेली,
तरी चढावर तिची पाठ हलत नाही,
आणि मी तिच्या चाकामागे वीतभर अंतर राखून
वारा चुकवत, फुकटात,
दुसऱ्याच्या छत्रीत शिरलेल्या माणसासारखा
जरा ओशाळा.

बोलणं अखंड. डिझेल मिळतंय का, हाबतोमच्या मुलीचं लग्न,
कुणाच्या चेनला कुठलं तेल.
मला कवळ्यांबद्दल विचारतात. मी दात बनवतो,
शहरातले निम्मे म्हातारे माझ्या हातचे दात घालून हसतात.
मी उत्तर देईपर्यंत
अख्खी दरी निघून गेलेली असते,
न बघता.

नियम एकच. पुढच्याला खड्डा दिसला
की हात खाली सोडून बोटानं दाखवायचा.
मग त्याच्या मागच्यानं. मग त्याच्या.
पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, म्हणतात;
इथे ठेच लागेस्तोवरही थांबत नाही कुणी.
तोच एक खड्डा
हातोहात मागे जात राहतो
लग्नाच्या पंगतीत मिठाची वाटी जावी तसा.

गुरुवारी दुपारी दुकान बंद करून मी एकटा जातो.
कुणाला सांगत नाही.
झेराईला कळलं तर लागेल त्याला,
मी दुसरीकडे जेवून आल्यासारखं.

एकट्याला फार ऐकू येतं.
डाव्या पेडलची कटकट, जी रविवारी नसतेच.
स्वतःचा श्वास, आणि तो किती जुना झालाय ते.
अर्बारोबाच्या वळणावर समुद्राकडून धुकं चढत येतं,
डोंगर एकेक करून काढून घेतं,
कठड्यावरची माकडं तेवढी ठेवतं.
निवडुंगाला या दिवसांत फळं नाहीत, नुसता काट्यांचा संसार.
नेफासितला एक बाई लवंग घातलेला चहा देते.
तिला माझं नाव माहीत नाही. मी दोन कप पितो.
दरी पुरी बघतो, दिसत नसली तरी.

मागच्या गुरुवारी परतीच्या चढावर
खड्डा दिसला. नवा. परातीएवढा.
आणि माझा हात, मी काही न सांगता,
खाली गेला, बोट ताणलं.

कुणासाठी, वेड्या?
मी हसलो. माझे दात अजून माझेच आहेत.
धुक्यात एकट्यानं हसणं कसं वाटतं
ते मी कुणाला सांगणार नाही.

तेवढ्यात मागे टायर खडीवर करकरला
आणि खड्ड्याला वळसा घालून पुन्हा रस्त्यावर आला.
बारा-तेरा वर्षांचा पोरगा. बापाची सायकल,
सीटपर्यंत पोचत नाही म्हणून उभ्यानंच मारतोय,
कॅरिअरला रॉकेलचा डबा बांधलेला.

"केव्हापासून आहेस?"
"खालच्या पुलापासून," तो म्हणाला.
"तुम्ही वारा चांगला अडवता."

एवढंच. दोघांनाही दम नव्हता.
माझी दुपार मोडली होती, हे खरं.
जोर लावून त्याला मागे टाकावं, असंही मनात आलं,
पण मी हळू झालो. चढच तसा होता म्हणा.

पुढचे दोन खड्डे मला पाठ होते.
दोन्ही दाखवले.
तिसरा शहराच्या वेशीपाशी, पेट्रोलपंपासमोर.
करकर केव्हाची थांबली होती,
पोरगा कुठल्या गल्लीत वळला कळलंच नाही.
मी मागे वळून पाहिलं नाही.
हात खाली सोडला.