सूरला

गावाचं नाव सूर.
माझं माहेर मिरजेत, सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी.
वडील मिशन हॉस्पिटलात कंपाउंडर, पण कान पक्का.
निघताना म्हणाले,
"बरंय, तंबोऱ्यांपासून उठून
सुरातच चाललीस."
हे सत्त्याण्णव साली.
करार दोन वर्षांचा होता.

कार्ड अजून दोन वर्षांचंच असतं.
दर वेळी रक्त काढतात, छातीचा फोटो काढतात.
माझ्या फुप्फुसांचे चौदा फोटो
ओमानात कुठेतरी रांगेनं लावलेले असतील.
मिरजेत माझा लग्नातला एकच आहे,
तोही वाळवीनं अर्धा नेलेला.

आज कार्डाचा दिवस.
काचेपलीकडचा मुलगा म्हणतो, बोट ठेवा.
ठेवते.
यंत्र म्हणतं, बोट नाही.
दुसरं ठेवते. तेही नाही.
साबण, स्पिरिट, पुन्हा साबण,
एका पाळीत साठ-सत्तर वेळा, सत्तावीस वर्षं,
रेघा राहतील कुठून?
त्याला सांगायला जाते, तर माझी अरबी सगळी बाळंतखोलीतली:
जोर लाव, अजून लाव, झालं, झालं बघ, मुलगा, मुलगी.
सरकारी कचेरीत यातलं काय चालणार?

त्याच्या छातीवरच्या पट्टीवर आडनाव आहे.
त्या आडनावाची अर्धी आळी
माझ्या हातांतून आली, डोकं आधी,
दोघं-तिघं पायाळूसुद्धा.
वय तेवीस-चोवीस.
असेल.
नसेलही, मस्कतला जन्मला असेल.
विचारलं तर उपकार मोजून दाखवल्यासारखं होतं.

आमोस याच वॉर्डात झाला,
खिडकीजवळच्या पलंगावर.
शेजारी त्याच रात्री एका कोळ्याच्या बायकोला मुलगा.
दोघांना एकाच काट्यावर ठेवलं,
आमचा दीडशे ग्रॅम जास्त.
सुदानची इख्लास सिस्टर अर्ज भरत होती.
एकाच पेनानं, एका दमात,
त्याच्या रकान्यात ओमानी,
आमच्या रकान्यात हिंदी.
मला हसू आलं. म्हटलं, अगं, आम्ही मराठी.
तिला कळलंच नाही मी काय म्हणते ते.

आमोस आता पर्थला असतो.
गेल्या महिन्यात तिथला झाला.
हात वर करून काहीतरी म्हणाला
आणि त्यांनी त्याला एक रोपटं दिलं, कुंडीतलं.
व्हिडिओवर दाखवलं: काटेरी पानं, फूल नाही अजून.
"आई, जन्मगाव विचारलं. सूर म्हटलं,
तर त्या बाई म्हणतात, स्पेलिंग सांगा."
मी म्हटलं, पाणी बेतानं घाल रे.
त्यापुढे मला काही सुचेना.

"खालती," काचेपलीकडचा म्हणतो,
म्हणजे मावशी,
"बोट कपाळाला घासा. तेल लागलं की घेतं यंत्र."
कपाळाला हात लावणं
आमच्याकडे वेगळ्या कारणासाठी असतं,
हे अरबीत कसं सांगू?
घासते.
मग तो फटीतून हात घालून
माझं बोट स्वतःच दाबून धरतो,
मी नाळ धरते तसं, चिमट्याआधी.
ठसा उमटतो. अर्धा.
"चालेल," म्हणतो.

कार्डावर नाव बरिस्का. अरबीत प नाही,
त्यामुळे प्रिस्का रणभिसे मिरजेलाच राहिली.
रहिवासी. मुदत दोन वर्षं.
तोवर साठी येईल. पुढचं त्यांचं ते बघतील.

रात्रपाळीला तीन चाळीसला मुलगी झाली.
लगेच रडेना.
पाठ चोळली, तळव्याला टिचकी मारली,
तेव्हा कुठे तोंड उघडलं.
इख्लास कधीच खार्तूमला गेली, तिचा फोन लागत नाही.
अर्ज आता मीच भरते.
वजन लिहिलं. वेळ लिहिली.
पुढच्या रकान्याशी पेन थांबलं,
बाप बाहेर उभा होता, त्याला विचारायचं होतं.
ही आपली रडतच होती, वरच्या सुरात, न अडखळता.
वडील असते तर पट्टी सांगितली असती,
काळी चार, म्हणाले असते.
नाहीतर पाच.