तीन रिंगा, थांबा, दोन

सावद्याला बाजारपट्टीच्या मागे
पत्र्याचं दुकान : लीलाधर झोपे, रेडिओ रिपेरिंग.
पाटीवरचा 'रि' एका उन्हाळ्यात
पापुद्रा होऊन गळाला, तो त्यांनी परत रंगवला नाही.
म्हणाले, "पेरिंग तं पेरिंग. पेरूनच राह्यलो ना मी."

मी नववीत. टेबलफॅन घेऊन गेले
आणि तीन वर्षं तिथून निघालेच नाही.
(फॅन दुसऱ्या दिवशीच घरी पोचला होता.)

त्या वर्षी थ्री-फेज रात्रीच यायची,
कधी बाराला, कधी अडीचला, तिची मर्जी.
केळीच्या बागांतून बॅटऱ्या हिंडायच्या,
पायाखाली ओल, आणि ओलीत जे काय असेल ते.
सुपडू सालदाराच्या घोट्यावर दोन ठिपके होते.
वाचला तो.
पण रात्रीच्या पाण्याचं नाव काढलं
की पाय पोटाशी ओढून घ्यायचा.
झोपे काका त्या पायाकडे पाहत राहिले,
मग एका मेलेल्या स्टॅबिलायझरमधला रिले काढून
खिशात टाकला.

"पाय पोरी, हे बटन एक दिवस मानसाच्या खिशात येईन.
खाटेवर पडल्यापडल्या मळ्यातली मोटर चालू होईन."
दुकानात बसलेले चौघे हसले.
एकाने विचारलं, केळीचा घडही खाटेवरच येईल का?

वारके अण्णांच्या मळ्यातल्या खोलीत फोन होता.
घंटीची वीज रिलेला उठवणार,
रिले स्टार्टरला, स्टार्टर मोटरला,
आणि मोटर त्या खोल, झोपलेल्या पाण्याला.
मार्चची रात्र. दोन वाजून वीस.
दुकानातून नंबर मी फिरवला,
घामाने बोट तबकडीत घसरत होतं.
पलीकडे कुणी उचलला नाही. उचलायचाच नव्हता.
थोड्या वेळाने अण्णांचा उलटा फोन आला.
बोलले काहीच नाहीत,
नुसता रिसीव्हर खिडकीबाहेर धरला,
पाण्याकडे.

चौथ्या दिवशी बऱ्हाणपूरहून कुणाचा तरी राँग नंबर लागला
आणि शेजारच्या भिरूडांचं हरभऱ्याचं खळं भिजलं.
भांडण झालं. टेलिफोन खात्याची नोटीस आली.
दोनशे दहा रुपये दंड.
ती पावती त्यांनी काचेखाली ठेवली, गणपतीच्या शेजारी.
मला वाटलं, संपलं.
ते सोल्डरिंगची इस्त्री तापवत बसलेले.
"चूक त्या मानसाची नाही.
यंत्राले कान नव्हते. आता कान लावू."

तीन रिंगा, थांबा, दोन.
चुकून लावणारा असा ताल धरत नाही.

आता असले डबे कंपन्या विकतात, सिम कार्ड घालून.
मी पुण्यात अशाच एका कंपनीत सर्किट तपासते.
एकदा मीटिंगमध्ये कुणी म्हणालं, ही कल्पना मुळात आपली.
मी हात वर केला.
पुरावा काय, त्यांनी विचारलं. पेटंट वगैरे?
दंडाची पावती, असं म्हणता आलं असतं.
हात खाली घेतला.
अजून तो खांदा दुखतो कधी कधी.

काकांना हे फोनवर सांगितलं, तेव्हा त्यांना थोडं ऐकू यायचं.
त्यांनी वेगळंच विचारलं :
"सुपडूचा पोरगा वापरतो का तसला डबा?"
वापरतो.
"रात्री झोपतो?"
झोपतो.
पुढे ते पपईच्या भावाबद्दल बोलत राहिले.

परवा गेले. कान पार गेलेत आता.
बेल आहे, पण ती शेजाऱ्यांनाच ऐकू येते.
म्हणून खाट दाराच्या चौकटीला टेकवून घेतली आहे,
थाप लाकडातून पाठीपर्यंत यावी म्हणून.
एक्क्याऐंशीव्या वर्षी
स्वतःलाच जोडून घेतलंय त्यांनी लाइनला.

मी दार वाजवलं. तीन.
थांबले.
दोन.

आतून आधी खोकला,
बरेच दिवस बंद असलेल्या मोटरीने
पहिलं पाणी ओढावं तसा,
आणि मग कडी.