अठरा फेरे

जालन्यात आमच्या भागाला बाराव्या दिवशी पाणी येतं,
तेही रात्री अडीचला,
आणि ते सोडणारा माणूस
दीडपर्यंत माझ्या शेजारी घोरत असतो.

शांतवन निर्मळ. व्हॉल्व्हमन.
हातात कमरेइतकी उंच लोखंडी चावी,
मुठीला लग्नातल्या टॉवेलची चिंधी गुंडाळलेली.
चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसतात,
कारण रविवारी उपदेशात डोळा लागतो.
पाळकसाहेबांना ठाऊक आहे,
त्यांच्या गल्लीची पाळी शनिवारी असते.

मार्चमध्ये लिंबाजी काळवण्यांनी
भर चौकात, पोह्याच्या गाड्यापुढं,
यांच्या थोबाडीत दिली.
पाणी कमी दाबानं आलं म्हणून.
वर अर्ज टाकला: हा माणूस पैसे खातो.
दोन महिने घरी बसले.
मी बदनापूरकडं मोसंबी तोडायला गेले,
संध्याकाळी बोटांना साल जळायची.
चौकशीत काही निघालं नाही. निघणार काय?
माफी मात्र कुणी मागितली नाही,
साहेबानं नाही, अर्जानं नाही.

कामावर घेतलं, आणि पहिल्याच पाळीला
काळवण्यांची गल्ली.
यांचं मनगट दुखत होतं, बॅटरी धरायला मी गेले.
खरं सांगते, बॅटरीसाठी नव्हते गेले.
"सहाच फेरे द्या," मी म्हटलं.
"मोडापर्यंत जाईल, पुढं चढणार नाही.
इथं कोण मोजायलंय?"

हे बोलले नाहीत.
झाकण सारलं, झुरळं झटकली,
गुडघे टेकून खड्ड्यात वाकले.
देवापुढंसुद्धा इतके वाकलेले
मी पाहिले नव्हते.
एक. दोन. तीन.
चावीचा आवाज, दातओठ खाल्ल्यासारखा.

अकराला थांबले.

किती वेळ, ते नाही सांगता येत.
एक कुत्रं रडून गप्प झालं.
स्टीलच्या कारखान्यांकडं आभाळ तांबडं होतं.
मला वाटलं, प्रार्थना चाललीय,
म्हणून बॅटरी जरा खाली केली.
मग उरलेले सात फिरवले, सलग,
दम न घेता,
कुणाला तरी बुकलून काढावं तसे.

पाइपात आधी हवा खोकली.
मग गल्लीभर दिवे, मोटारी, पिंपांचे आवाज,
आणि काळवण्यांची म्हातारी नळी ओढत ओरडली,
"उठा रे, जोरात यायलंय आज!"

परत येताना विचारलं,
देवाशी बोलत होता का?
"नाही गं. ती थापड आठवत होतो.
पुन्हा पुन्हा बसत होती गालावर."
मग त्याची माया आली?
"कुठली माया! रागच होता.
रागातच फिरवले.
पण फिरवले."
आणि एवढ्या रात्री चहा मागितला.
दूध नव्हतं. कोराच दिला.

त्या रविवारी उपदेश प्रीतीवर होता,
पाऊण तास.
हे शेवटच्या बाकावर तोंड उघडं टाकून झोपले होते.
मी कोपर मारलं नाही.

काळवणे बदलले वगैरे नाहीत.
समोरून येताना मोबाइल काढतात,
आणि बंद पडद्याकडं बघत पुढं जातात.

आज यांना एकशे दोन ताप आहे.
दोनदा उठायला गेले, दोनदा मी निजवलं.
अडीच वाजलेत. बॅटरी रूथकडं,
चावी माझ्याकडं. वाटली होती त्याहून जड.
चिंधीला यांच्या घामाचा वास.
गल्ली तीच.

मी मोजायला लागते.
आठला खांदा भरून येतो.
नवाला मोसंबीचे काटे आठवतात.
दहाला तो अर्ज, त्यावरची ती वळणदार सही.
अकरा.

"मम्मी, अडकलं का?" रूथ विचारते.
उजेड माझ्या तोंडावर पडलाय.
हो बाई, म्हणते,
आत जरा गंजलंय.

बारा.